रुपयाएवढी आमराई

मयुरी परातेला कोणी विचारलं, तू काय काम करतेस, तर ती सरळ सांगते, "मी डोंगर बनवते." ऐकणारा हसतो. शहराच्या कडेला बेसामधल्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत कसले आलेत डोंगर! पण तिच्या टेबलावर खरंच डोंगर असतात, नाले असतात, कधी अख्खा तलाव असतो. भूगोल शिकलेली ही पोर आधी एका नकाशाच्या ऑफिसात कंत्राटावर होती. कंत्राट संपलं तेव्हा कपाळाला हात लावून बसण्यापेक्षा तिने घरीच काम सुरू केलं. अंतराळातून मोजलेले जमिनीच्या उंचीचे आकडे कम्प्युटरवर घ्यायचे, दर पाच मीटर उंचीला एक रेषा काढायची, त्या रेषेच्या आकाराचा पुठ्ठा कापायचा आणि थरावर थर चिकटवत जायचं. शाळा असे नमुने घेतात, पाणलोटाची कामं करणारे घेतात.

पुठ्ठे कापतात तिचे बाबा. बाबनराव उमरेडचे कोष्टी. चाळीस वर्षं माग चालवला, मग लुगडी नेसणाऱ्याच कमी झाल्या आणि माग थांबला. माग गेला, पण हाताच्या सवयी काही गेल्या नाहीत. नमुना तयार झाला की ते डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवतात, कापडातली गाठ शोधावी तसा. आणि कात्रण कधी फेकत नाहीत. सुताचा तुकडा फेकणारं घर नागवं राहतं, असं त्यांच्या आईने सांगून ठेवलेलं. आता सूत नाही, तर पुठ्ठ्याचे तुकडे बिस्किटांच्या जुन्या डब्यात जमतात. मयुरी त्यावरून त्यांना चिडवते आणि त्यांना ते आवडतं.

वरच्या मजल्यावर यमुताई राहतात. ऐंशीच्या पुढच्या. नरखेड तालुक्यातलं गाव सोडून, गुडघा मोडल्यावर, नात भूमिका आणि नातजावई अंकित यांच्याकडे आलेल्या. दुपारी काठी टेकत खाली उतरायच्या आणि टेबलाशी बसायच्या. एकदा म्हणाल्या, "पोरी, तू सगळ्यायचे डोंगर बनवतं. माहं गाव काहून नाही बनवत वं? नाल्याच्या अंगाले आमची आमराई होती. चाळीस झाडं. मालकानं सासऱ्यासंगं लावली होती. मले एकदा पाहू दे."

भूमिका त्यांना न्यायला आली होती. जिन्यात तिने हळूच सांगितलं, "ताई, आमराईचं मनावर नका घेऊ. मी गावाले गेली तेव्हा तिथं कपाशीच पाहिली. आजी आजकाल विसरून राहिली. काल चहात मीठ टाकलं." डॉक्टरांनीही विसराळूपणा सुरू झाल्याचं सांगून गोळ्या दिल्या होत्या, पण यमुताई त्या घेत नव्हत्या. घरात विचारावं असं यमुताईंच्या वयाचं कोणी उरलं नव्हतं, आणि गावात फोन करून विचारावं इतकं ते कोणाला महत्त्वाचं वाटलं नाही.

मयुरीने गावाचे आकडे उतरवले, रेषा छापल्या, बाबांना कापायला दिल्या. मग तिच्या लक्षात आलं, की नाल्याकाठी एक टेकाड आलंय. दोनच थरांचं, खालचा तुकडा रुपयाएवढा आणि वरचा त्याहून लहान. तिने जुना नकाशा पाहिला, तिथे सपाट. आजचं उपग्रहाचं चित्र पाहिलं, तिथे कपाशी, सपाट. नमुन्यात खोटी टेकडी नको म्हणून तिने ती पुसली. "बाबा, ते दोन तुकडे चुकून आले. टाकून द्या."

तिसऱ्या दिवशी यमुताई आणि भूमिकासमोर गाव ठेवलं. म्हातारीचा चेहरा उजळला. बोट एकेका जागेवर नेत त्या सांगू लागल्या, "हा नाला. हे मारोतीचं देऊळ. इथं विहीर." मग बोट नाल्याच्या काठाने पुढे सरकलं आणि थांबलं. मागे गेलं, पुन्हा आलं. तिथे नुसता सपाट पुठ्ठा होता.

"इथं काहीच नाही वं."

यमुताईंनी हात मांडीवर घेतला. "म्हणजे तुमी सगळे म्हणता तेच खरं. मीच विसरली असन." आणि नातीकडे वळून म्हणाल्या, "चाल, त्या डॉक्टरच्या गोळ्या सुरू कर."

त्यानंतर चार दिवस त्या खाली उतरल्या नाहीत. नमुना टेबलावरच पडून होता. पाचव्या दिवशी बाबनराव डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवत बसले आणि म्हणाले, "मयुरी, ही जागा मले खोटी लागून राहिली. बाकी जमीन कशी खाली-वर जाते, अन् इथंच इस्तरी फिरवल्यासारखं."

"तिथली टेकडी मीच काढली, बाबा. चुकून आली होती."

"मोजणाऱ्यानं उगाच कशी मोजली?"

तिने कम्प्युटर उघडला. वरून मोजणाऱ्या यंत्राला माती आणि झाड यातला फरक कळत नाही, दाट झाडी असली की ते शेंड्यांनाच जमीन समजतं, हे ती पहिल्याच वर्षी शिकली होती. टेकाडाच्या जागी आज कपाशी आहे. पण मोजणी कधीची? फेब्रुवारी दोन हजार. भूमिका तेव्हा पाळण्यात होती.

"बाबा," ती म्हणाली, "मी आजीची आमराई कापली."

बाबनराव उठले, बिस्किटांचा डबा आणला, त्यातून ते दोन तुकडे काढून तिच्या तळहातावर ठेवले.

गोंद वाळेपर्यंतही तिला दम निघेना. नमुना धरून दोघं जिना चढले. दार भूमिकाने उघडलं. यमुताई पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मयुरीने त्यांचा हात हातात घेतला आणि बोट नाल्याकाठी नेलं. बोट पहिला थर चढलं, दुसरा चढलं आणि तिथेच राहिलं.

"माती नाही आजी, झाडं आहेत. पंचवीस वर्षांमागं वरून मोजलं तेव्हा तुमची आमराई उभी होती. चूक माही झाली."

यमुताई कितीतरी वेळ त्या दोन तुकड्यांवर हात फिरवत राहिल्या. मग नातीकडे पाहून विचारलं, "म्हणजे होती ना वं?"

"होती आजी," भूमिका म्हणाली आणि त्यांच्या कुशीत तोंड लपवून रडली.

दुसऱ्या दिवशी यमुताईंनी मयुरी आणि बाबनरावांना वर बोलावून हौसेने सगळ्यांसाठी चहा केला. त्यात पुन्हा मीठ पडलं होतं. भूमिकाने एक घोट घेतला, मयुरीकडे पाहिलं आणि म्हणाली, "आजी, आमराईत कोणकोणते आंबे होते, सांग ना." यमुताई सांगत बसल्या, आणि चौघांनी तो चहा शेवटपर्यंत संपवला.