धाप्याचं खारट पान

माझी आई पोशी डहाणूच्या खाडीकाठची. लग्न होऊन सूर्यमाळच्या डोंगरावर आली तेव्हा तिनं ओल्या फडक्यात धाप्याची, म्हणजे खाडीच्या चिखलात पसरणाऱ्या वेलाची, चार कांडी बांधून आणली. जव्हारला तेव्हा राजांचा अमल होता. आमच्या पाड्यावर समुद्र कुणीच पाहिलेला नव्हता, त्यामुळं साऱ्यांनी धाप्याला घोळ ठरवलं आणि भाजीला मागू लागले. आई हसायची. घोळीच्या भाजीला पिवळं फूल येतं, धाप्याला जांभळट गुलाबी, चांदणीसारखं. पान जाड आणि रसाळ, देठ तांबूस. जमिनीलगत पसरतो आणि पेऱ्यापेऱ्याला मुळं धरतो.

"खाडीवर खारट लागं," ती म्हणायची, "अठं अळणी. माती जशी, तसा पाला."

माझा भाऊ जन्मला आणि रडलाच नाही. आजी सुकरीनं त्याला फडक्यात गुंडाळून नेलं आणि खड्ड्यात मीठ घालून पुरलं. कुठं, ते आईला सांगितलं नाही. आमच्या घराची रीतच तशी. आई तिथं जाऊन बसली तर मूल हाका मारतं म्हणे. आईनं आजीचे पाय धरले. आजीनं पाय सोडवून घेतले. मला तेव्हा म्हातारीचा असा राग आला होता!

त्या पावसाळ्यात आईनं माळावर, बांधावर, ओढ्याकाठी, दिसेल तिथं धाप्याची कांडी खोचली. उन्हाळ्यात सूर्यमाळला माणसांना पाणी मिळेना, पण धापा तगला. मग भर दुपारी आई रांगत रांगत एकेक पान तोडायची, चावायची, थुंकायची आणि पुढं सरकायची. बाया आपली पोरं आत ओढून घ्यायच्या. पोशी भुताळीण झाली, म्हणायच्या. तिच्या हातची भाकर घ्यायला मीसुद्धा भ्यायचे.

एका दुपारी आंब्याखाली ती थुंकली नाही. तोंड मिटून तशीच बसली. भोवतालची फुलं वारा नसताना हलत होती, शपथेवर सांगते. दारात उभ्या आजीचं तोंड पांढरंफटक पडलं. जागा तीच होती.

आता आजी भांडणार, असं मला वाटलं. पण ती आईजवळ जाऊन बसली. तिचंही पहिलं मूल असंच गेलं होतं. तिच्या सासूनं ते पुरलं, आणि ठिकाण न सांगताच सासू मेली.

"तुजा पाला माज्या पोराचा ठाव सांगंल का?" आजीनं विचारलं.

आईनं तिच्यासाठीही कांडी लावली. पानं सगळी अळणी निघाली. एवढ्या वर्षांच्या पावसात मीठ राहतंय कुठं? तरी एके दिवशी मोहाखालचं पान खारट लागलं. आजी तिथंच आडवी झाली, मातीला गाल लावला आणि कुणाशी तरी हळूहळू बोलत राहिली. मधेच थांबायची, जणू पलीकडून कुणी बोलतंय.

मोहाखाली मिठाचं पाणी आईच ओतत होती, हे तिनं मला आजी गेल्यावर सांगितलं. खरं तर मला तेव्हाच कळायला हवं होतं. त्या दिवसांत आमच्या घरची आंबील अळणी असायची. आणि मिठाचा खडा कमी पडला तरी ताट ढकलणाऱ्या माझ्या आजीनं एकदाही मीठ मागितलं नाही.