आलं-व्हिनेगरचा वास

आमच्या मजल्यावर कुजबुज होती, की मोक साउ-फानच्या पोरीला मूल झालं. पोर पंधरा वर्षांची, शाळा बंद, बाहेर दिसेनाशी झालेली. आणि आता त्यांच्या दारातून आलं-व्हिनेगरात शिजणाऱ्या डुकराच्या पायांचा वास! आमच्या हाँगकाँगात हा पदार्थ बाळंतिणीचा. वास सुटला की पाळणा हलला, हे शेंबडं पोरगंही सांगेल.

पोरीचा बाप सीमेपलीकडे चीनमध्ये दुसरा संसार थाटून बसलेला, त्यामुळे विचारणारं कुणी नाही. कुणाचं मूल, यावर लिफ्टपाशी आम्ही बायकांनी मजल्यावरचा एकही तरणा पोरगा सोडला नाही.

साउ-फान हॉटेलात भांडी घासायला निघाली, तशी मी तिला दारातच गाठली. "काय गं, मूल महिन्याचं होत आलं असेल. महिना भरल्याची लाल अंडी कधी वाटतेस?"

एरवी म्हणाली असती, "आजी, तुमची जीभ वाळवून विकली तर दुकान चालेल." आज चिडलीसुद्धा नाही. "आत या आजी. तुमचं तरी ऐकते का बघा."

आत दुमजली पलंगावर, खालच्या बाजूला, तिची पोर हेइ-मान भिंतीकडे तोंड करून पडलेली. मनगट काडीसारखं. पाळणा कुठेच नाही.

"बाळा, एक घास," साउ-फान वाटी पुढे करत म्हणाली.

"ठेव तिथे."

"कालही ठेवलं होतं."

"मग आज नको ठेवूस. आई, जा तू, मुकादम ओरडेल."

साउ-फान माझ्याकडे वळली. "शाळेतल्या बाई म्हणतात, मनाच्या डॉक्टरला दाखवा. नंबर लागणार पुढच्या वर्षी. तोवर काय करू, आजी?"

साऱ्या इमारतीला फुकट सल्ले वाटणारी मी. म्हणाले काय, तर "थोडी साखर घालून बघ."

तिनं घातली. वाटी माझ्या हातात दिली आणि कामावर गेली. मी चमचा धरून बसले. पोरीनं तोंड वळवलं नाही. वाटीवर चरबीची साय धरली, ती मी दोनदा काढली.

मूल झालंच नव्हतं. हेइ-माननं खाणं सोडलं होतं, तिची पाळी थांबली होती, आणि अंगात रक्त भरायला साउ-फानला तिच्या स्वतःच्या बाळंतपणातला हा एकच पदार्थ ठाऊक होता.