खांद्यावरचा राजा

जेरुसलेमला एक बारका राजा होऊन गेला. पाच-सहा वर्षांचा असताना डोक्यावर मुकुट, आणि दहा पुरी व्हायच्या आत खलास. हे मला सत्तरी ओलांडल्यावर दुबईत, अल बर्शाला मुलाच्या घरी कळलं. मी चौथी शिकलेला माणूस, मला कोण सांगणार?

नातवाच्या शाळेत त्या राजावर नाटक बसत होतं आणि राजाचं काम नातवाला मिळालं होतं. घरात पेढे वाटायचे, तर हा सोफ्यात तोंड खुपसून पडलेला. सुनेनं खुलासा केला. राजा लहान, म्हणून एका उंच सरदारानं त्याला खांद्यावर घेऊन मिरवलं होतं म्हणे. तेच नाटकात दाखवायचं. सरदार म्हणून कुणाचे तरी बाबा यायचे होते. वर्गात आमचं पोर सगळ्यांत बुटकं, म्हणून राजा. पोरं आत्तापासूनच त्याला ‘बेबी किंग’ म्हणायला लागली होती.

“आय ॲम नॉट डूइंग इट,” नातू उशीतून म्हणाला.

मुलगा म्हणाला, नको तर नको, टीचरला मेसेज टाकतो. आमच्या घरात सगळे प्रश्न मेसेज टाकून मिटतात. मी म्हटलं, हात लावू नकोस फोनला.

सुनेला पुस्तकातला त्या राजाचा धडा नीट वाचायला लावला. त्यात लिहिलं होतं, राजा बाकीच्या सरदारांपेक्षा खाली दिसू नये म्हणून त्याला उचललं. मग मी नातवाजवळ बसलो. म्हटलं, आपल्या गावी शिमग्यात देवाची पालखी खांद्यावर घेऊन नाचवतात. मीही नाचवलीय.

“देवाला चालता येत नाही म्हणून घेतात काय रे? मान म्हणून घेतात.”

तो उठून बसला.

“देन यू कॅरी मी, आजोबा. नॉट सम अंकल.”

मुलानं लगेच माझे गुडघे काढले, डॉक्टर काढला. अबुधाबीत अर्धी हयात स्कॅफोल्डिंगचे पाइप खांद्यावरून वाहिले मी. ज्याला त्यातून शिकवला, तो मला गुडघे शिकवतो! टीचरकडे मी स्वतः गेलो, हिंदीत बोललो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सरदाराचा झगा दिला. मिशी घरचीच होती.

नाटकाच्या दिवशी राजा खांद्यावर बसवून निघालो. पुढच्या रांगेतून कुणीतरी ‘बेबी’ म्हणालं. नातवाचे पाय माझ्या छातीवर आवळले गेले. उतरून पळतोय की काय, असं वाटलं मला. तेवढ्यात मिरवणुकीचा ड्रम वाजला आणि माझे पाय आपसूक पालखीच्या चालीवर पडायला लागले. दोन पुढे, एक मागे, मग गिरकी. असलं काही ठरलेलं नव्हतं. वर पोर खदाखदा हसायला लागलं. एका हातानं मुकुट धरलेला, दुसऱ्या हातात माझे केस. हॉलमधली पोरं ताल धरून टाळ्या वाजवत होती, ती पुढची रांगसुद्धा.

सिंहासनापाशी पोचलो. आता उतरायचं, आणि पुढच्याच प्रवेशात राजानं मरायचं. राजा उतरेना. वाकून माझ्या कानात म्हणाला, “आजोबा, वन मोर.”

पडद्याआडून टीचर ‘यल्ला, यल्ला’, म्हणजे आटपा आटपा, करत हात हलवत होत्या. मी तिकडे बघितलंच नाही. पुन्हा गिरकी घेतली.