नव्याण्णव

तोंडातून ताप मोजण्याआधी अर्धा तास गरम वा गार काही घेऊ नये. थर्मामीटर जिभेखाली अगदी मुळाशी ठेवावा आणि ओठ मिटावेत. माझी सारी नोकरी शाळेत शास्त्र शिकवण्यात गेली, त्यामुळे पत्नीची केमोथेरपी सुरू झाली तेव्हा तापाची वही आपसूक माझ्याकडे आली. दिवसातून तीनदा मी आकडा लिहीत असे. डॉक्टरांनी एक नियम पुन्हा पुन्हा बजावला होता. या औषधांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात आणि शरीराला जंतूंशी लढता येत नाही. म्हणून ताप शंभराच्या वर गेला, तर वाट न पाहता रुग्णालय गाठायचे.

तिसऱ्या केमोनंतर दहाव्या दिवशी मुलीचा साखरपुडा होता, ठाण्यात बाळकुमला, मुलाकडच्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये. तारखेचा हट्ट पत्नीचा. मुलीने मात्र बजावले होते, "आईला ताप असला तर कार्यक्रम रद्द. वही बघूनच मी तयार होणार."

सकाळी साडेसातला, आमच्या डोंबिवलीच्या घरी, आकडा आला एकशे एक. पत्नीने थर्मामीटर माझ्या हातातून घेतला, पाहिला आणि बंद केला.

"नव्याण्णव लिहा."

"अगं, असं कसं लिहू?"

"उभ्या जन्मात कुणाला अर्धा मार्क वाढवून दिला नाहीत. आज माझे दोन कमी करा. तिचा साखरपुडा बघायचाय हो मला. लग्नाचं कुणी सांगितलंय?"

शेवटचे वाक्य ती हसत म्हणाली. मी लिहिले. अक्षर नेहमीसारखेच वळणदार आले, याचे मला अजून भय वाटते. मुलीने वही पाहिली आणि केस विंचरायला बसली.

हॉलमध्ये विहीणबाई कौतुकाने म्हणाल्या, "ताई, काय तेज आलंय हो चेहऱ्यावर! आजारी कोण म्हणेल?" त्या लालीचे कारण तिथे दोघांनाच ठाऊक होते. पत्नीने माझ्याकडे पाहिले नाही. अंगठ्या घालून झाल्या, तिने दोघांना पेढा भरवला, आणि खुर्चीत बसताच तिला हुडहुडी भरली.

दुपारी दोनला ठाण्याच्या रुग्णालयात डॉक्टरांनी वही चाळली.

"सकाळी नव्याण्णव. म्हणजे ताप दुपारी चढला?"

मुलगी शेजारीच उभी होती, हातात आईच्या चपला धरून.

"नाही," मी म्हणालो. "सकाळी एकशे एक होता. मी खोटं लिहिलं."

डॉक्टरांनी मान वर न करता आपल्या कागदावर वेळ बदलली. मुलगी एवढेच म्हणाली, "बाबा, तुम्ही?"

चार दिवस पत्नी अतिदक्षता विभागात होती. काचेतून दिसणारा तिचा चेहरा पाहताना मी मनात एकच वजाबाकी करीत राहिलो: साडेसात ते दुपारी दोन, साडेसहा तास. आज ती घरी आहे, उपचार चालू आहेत, लग्नाच्या साड्यांची यादीही सुरू झाली आहे. तिला पश्चात्ताप नाही. "बघितलं ना मी," एवढेच म्हणते.

मुलगी रोज ऑफिसात पोहोचली की मोबाइलवर आईच्या तापाचे विचारते. आकडा विचारत नाही. थर्मामीटरचा फोटो मागते, शेजारी घड्याळ ठेवून. आज अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार होता. फोटो पाठवला. दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आले नाही.