दुमडलेल्या चादरीतला भटक्या

‘कार्टून न्हवं, ॲनिमे म्हण की,’ असं माझी मैत्रीण मला दहादा बजावायची. तिच्या घरी खाली यंत्रमाग आणि वर गच्ची. मागांच्या खडखडाटात मोबाइलचा आवाज ऐकू येत नसे, म्हणून आम्ही डोक्याला डोकं लावून पडद्यावरच्या खालच्या ओळी वाचत ती जपानी चित्रमालिका बघायचो.

तिला त्यातला शिंगांचा राजा आवडे. हात उचलला की तो शहर सपाट करायचा आणि मग भेदरलेल्या लोकांना हुकूम सोडून आपल्या पंगतीला बसवायचा. मला आवडे तो भटक्या. त्याच्या तळहातात वणवा होता. लोक घाबरतील म्हणून हात सदैव बाहीत. गावोगाव उंबऱ्याशी उभा राहायचा आणि कुणीतरी सरकून जागा देईपर्यंत गप्प.

‘तुझा लई बावळट हाय,’ ती म्हणे.

‘तुझ्या राजाजवळ कुणी मनानं बसत नाही,’ मी म्हणे.

कॉलेजातल्या ॲनिमेवेड्यांच्या मेळाव्यासाठी राजा आणि भटक्या दोघांना एकाच चादरीवर विणून आणायचं आम्ही ठरवलं. विणकामासाठी लागतो तसल्या चौकटींच्या कागदावर सगळं चित्र मी काढलं. तिथं रेघ हवी तशी वळत नाही, चौकटी भरत जावं लागतं. भटक्याची ती बाही बसवण्यात माझी अर्धी सुट्टी गेली. तिच्या वडिलांनी चित्र मागावर चढवलं आणि म्हणाले, ‘पोरीचा हात बसलाय.’ मला आभाळ ठेंगणं झालं.

मेळाव्यात पोचले तर चादर भिंतीवर होती, पण मधोमध दुमडून. समोर फक्त राजा. भटक्या घडीआड, भिंतीकडे तोंड करून. तिच्या नव्या ग्रुपमधल्या कुणीतरी विचारलं, चित्र कुणी काढलं?

‘मीच की. माग आमच्या घरचाच हाय.’

मी समोर उभी होते. आता ती माझं नाव घेईल, मला बोलवेल, म्हणून थांबले. भटक्यानं मला तेवढंच शिकवलं होतं, गप्प उभं राहिलं की जागा मिळते. साफ खोटं. त्यानंही मला दगाच दिला.

सगळे चादरीखाली दाटीवाटीनं बसले. तिनं माझ्या हातात मोबाइल दिला.

‘आमचा एक फोटो काढतीस का?’

काढला. केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

परवा तिचा मेसेज आला, ‘शेवटचा भाग राहिलाय. वर ये की, बघू.’

मी तो एकटीनं कधीच बघून टाकलाय. राजाचं सगळं जातं, तो भटक्याच्या झोपडीशी येऊन उभा राहतो, आणि भटक्या सरकून त्याला जागा देतो.

देऊ दे. मी सरकणार नाही.