विन्सेंतीची ठोकणी

विन्सेंती गेला तेव्हा नातवंडाचा पाळणा अर्धाच विणून झाला होता. सान नावाच्या नदीकाठच्या त्या गावात घरोघरी वाळुंज झाडाच्या लवचीक फोकांच्या टोपल्या विणत, आणि एकाने मांडलेलं काम दुसरा सहसा हाती घेत नसे. त्यात विन्सेंती डावखुरा. त्याचे वेढे उलट्या अंगाने जायचे.

"आई, सोड तो पाळणा पुरा करायचा नाद. दुकानातून आणते मी," लेक योलांता म्हणाली. तिचे दिवस भरत आले होते.

"आण की. आणि बापाने मांडलेला घाल चुलीत!" लेओकादिया फणकारली आणि नवऱ्याच्या पडवीत जाऊन बसली.

हत्यारं तो ठेवून गेला तशीच होती. फोक उभा चिरायचं लाकडी बोंड त्याच्या डाव्या अंगठ्याने एका बाजूला पार झिजलेलं. शेजारी टोच्या, आणि वेढे ठोकून बसवायची जड लोखंडी ठोकणी. लेओकादियाने उभा जन्म उजव्या हाताने विणलं होतं. आता या वयात डाव्या हाताने धडपडू लागली. वेढे वेडेवाकडे पडले, ठोकणी धड उचलेना. वैतागून तिने संध्याकाळी काम टाकलं.

सकाळी पाहते तर वेढे सरळ आणि घट्ट. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. भिजवलेला फोक वाळला की आकसतो. संध्याकाळी कितीही ठोकून बसवा, सकाळी वीण थोडी सैलच सापडते. इथे नखसुद्धा शिरत नव्हतं.

"तूच ठोकलंस नि विसरलीस," योलांता म्हणाली.

"म्हातारी झालेय, खुळी नाही झाले!"

रोज तेच होऊ लागलं. पडवीच्या दाराशी ती थबकायची, तरी आत जायची. पुढे पुढे तर भांडायलाही लागली. "जिवंतपणी माझ्या विणीला नावं ठेवलीस, आता तरी गप बस की रे!" मग एक दिवस पाळण्याचा काठ जवळ आलेला दिसला. पाळणा संपला की त्याला यायला कारण काय उरणार? ती मुद्दाम रेंगाळू लागली. एखादाच वेढा घालायची आणि उठायची.

पण योलांताला कळा सुरू झाल्या. सुईण घरात आली, आणि लेओकादियाने घाईघाईने काठ वळवला, बाहेर आलेली टोकं सुरीने छाटली. मुलगी झाली. पाळण्यात ठेवली तर जरासुद्धा कुरकुर नाही.

त्या संध्याकाळी लेओकादियाने पावाची एक टोपली मांडली, तिच्या उजव्या हाताच्या विणीची. चार वेढे घातले, ठोकले मात्र नाहीत. ठोकणी टोपलीच्या डाव्या अंगाला ठेवली.

"घे," ती म्हणाली. "ये रे, विन्सेंती."

सकाळी ठोकणी जागची हलली नव्हती. वीण सैल पडली होती, सगळ्यांची पडते तशी. तिने फटीत बोट घालून पाहिलं. अख्खं बोट आत गेलं. घरात पोर रडत होतं, योलांता हाका मारत होती, आणि ती बोट तसंच ठेवून बसून राहिली.