वीतभर दिवाणखान्यातली खुर्ची

आमची धाकटी मावशी जुन्या, खेळण्यातल्या फर्निचरची दुरुस्ती करते. काडेपेटीएवढी कपाटं, वीतभर दिवाणखाने. डोळ्याला भिंग, हातात चिमटा. शंभर वर्षांच्या टेबलाचा मोडका पाय ती असा बसवते की टेबलालाही आपण पडलो होतो हे आठवू नये. एवढ्या शांत बाईला हेवा म्हणजे काय ते ठाऊक नसेल, असं गिऱ्हाइकांना वाटतं. त्यांनी तिची थोरली बहीण पाहिलेली नाही.

मावशीच्या लहानपणी घरात असाच एक संच होता. तो ताईचा, म्हणजे या थोरल्या बहिणीचा. “खेळातून वळण लागतं,” असं त्यांची आई म्हणायची आणि वळण लावायचं काम ताईवर सोपवायची. ताईची बाहुली यजमानीण, लाल गादीच्या खुर्चीत. मावशीची बाहुली कामवाली, सदैव उभी. “मी कधी बसू?” “कामं संपली की.” पंचावन्न वर्षं झाली, कामं काही संपली नाहीत.

परवा ताई बाहुल्यांसकट तोच संच घेऊन आली. “खुर्चीचा पाय निखळलाय. नातीला हवीये. तुझ्याशिवाय कुणाला जमणार, बाई!”

कौतुकाने मावशी आणखीच जळली. रात्रंदिवस जिचा हेवा केला ती खुर्ची हातात! पाय केसभर आखूड केला, तर यजमानीण जन्मभर डुगडुगेल. तिने कानस उचललीसुद्धा. पण हाताने ऐकलं नाही. वाईट काम त्याला येतच नव्हतं. चरफडत तिने पाय चोख बसवला, वर गादीही नवी शिवली.

ताई नातीला घेऊन आली तेव्हा नातीने तिथेच खेळ मांडला. “खुर्ची छोट्या आजीने बरी केली, म्हणून ती यजमानीण. आजी, तू कामवाली.”

“मी?” ताई म्हणाली.

“मग कोण? बाहुली उभी कर.”

मावशीने आपली बाहुली गादीवर टेकवली, पदर सारखा केला आणि म्हणाली, “चहा आण. बशीतून.”

ताईने आणला. मग साखर आणली. मग खिडकी लावली. मग, वारा येत नाही म्हणून, उघडली.

“छोटी आजी, आता माझी पाळी,” नात म्हणाली.

“थांब गं,” बोटभर खुर्ची दोन्ही हातांनी धरून मावशी म्हणाली, “मी आत्ताच तर बसलेय.”